जुडीभर पानं, वाटीभर भाजी

पालेभाजी करायला किती वेळ लागतो, हे घड्याळ कुठून लावायचं यावर आहे. गॅस पेटवल्यापासून मोजलं तर पालक चार मिनिटांत होतो. जुडी सोडल्यापासून मोजलं तर अर्धा तास सहज जातो. पाककृतीत मात्र साहित्याच्या यादीतच 'निवडून, धुऊन, चिरलेली एक जुडी' असं लिहून मोकळे होतात, जणू पानं शेतात तशीच उगवतात. खरं काम सगळं त्या ओळीत दडलेलं असतं. पालेभाजी आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर निवडायचा कंटाळा असतो, असं माझं मत आहे. हौसेने आणलेली जुडी फ्रिजच्या तळाशी पिवळी पडून शेवटी कचऱ्यात जाते, यात चवीचा काही संबंध नाही.

म्हणून साधी पालेभाजी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी निवडण्याबद्दल बोलतो. त्यातला बराचसा त्रास आपण ओढवून घेतलेला असतो. पालकाचं एकेक पान देठापासून खुडत बसायची गरज नाही. कोवळ्या पालकाचा देठ पानाबरोबरच शिजतो आणि खाताना कळतही नाही. मुळाकडचा मातीचा भाग एकदाच आडवा कापून टाकला की झालं. जून पालक असेल तर देठ नखाने मोडून बघावा. कटकन मोडला तर ठेवावा, दोरे ओढत लोंबला तर काढावा. मेथीला मात्र वेळ द्यावाच लागतो, कारण तिचा खालचा दांडा खरोखर चिवट असतो. माठाचे जाड देठ टाकून देणं मला पटत नाही. ते बारीक चिरून पानांच्या आधी तीन-चार मिनिटं कढईत घातले तर उलट भाजीला थोडा चावायला आधार मिळतो. बीटच्या आणि मुळ्याच्या पाल्याचंही तेच. कंद घरात आणायचा आणि पाला टोपलीत टाकायचा, हा मोठाच अव्यवहार आहे.

निवडण्याची आणि शिजवण्याची वेळ एकच असली पाहिजे, हाही एक समज. संध्याकाळी निवांत बसून निवडावं आणि दुसऱ्या दिवशी शिजवावं, यात काही बिघडत नाही. फक्त मधल्या वेळात पानं धुवायची नाहीत. ओली पानं एकमेकांना चिकटतात आणि चिकटलेल्या जागी आधी कुजतात. कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती फ्रिजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवस चांगली राहतात. खुडलेलं पान मेलेलं नसतं. त्याचा श्वास चालू असतो, साठवलेली साखर खर्च होत असते, पाणी हवेत उडत असतं. थंडीत हे सगळं हळू चालतं, थांबत नाही. अमेरिकेत पालकावर झालेल्या एका अभ्यासात, ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पानांतलं फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व) आठ दिवसांत जवळपास निम्म्यावर आलं होतं. २० अंशांना तेवढीच घट चार दिवसांत झाली. म्हणजे फ्रिज म्हणजे बँक नाही. आठवड्याची भाजी एकदम आणायची असेल, तर पालेभाजी पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवावी आणि कोबी-गाजर मागे ठेवावं.

मरगळलेलं पान मात्र लगेच टाकू नये. पानातलं साधारण ९१ टक्के पाणीच असतं (पालकाचा हा आकडा आहे, बाकीची पानंही आसपासच), आणि पान ताठ दिसतं ते पेशींमधल्या त्या पाण्याच्या दाबामुळे. दाब उतरला की पान मान टाकतं. गार पाण्यात वीस मिनिटं ठेवलं तर पेशी पुन्हा पाणी ओढून घेतात आणि बहुतेक पानं उठून बसतात. जी उठत नाहीत, बुळबुळीत झालेली असतात किंवा वास मारतात, ती गेलेलीच समजावी.

धुण्याबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण ती फार महत्त्वाची. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, पानं त्यात हलवायची, क्षणभर थांबायचं, आणि मग पानं वर उचलून चाळणीत काढायची. पातेलं चाळणीवर उपडं करायचं नाही. तळाशी बसलेली माती मग पुन्हा पानांवरच ओतली जाते, आणि भाजी कितीही चांगली झाली तरी पहिल्या घासाला दाताखाली कचकच येते. हे पाणी बदलून करत राहायचं, तळ बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. आणि हे सगळं चिरायच्या आधी. चिरलेली पानं धुतली तर कापलेल्या कडांमधून पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात, शिवाय चिरलेला ओला ढीग कधी नीट निथळतही नाही. साबण वगैरे लावू नये. पानं सच्छिद्र असतात, साबण त्यात राहतो.

इथपर्यंत आलं की कष्टाचा भाग संपतो. पुढे जे बिघडतं ते बहुतेक वेळा जास्त केल्यामुळे बिघडतं.

कढईत पानं पडल्यावर पहिल्या मिनिटात एक गंमत दिसते. पान कच्चं असताना होतं त्याहूनही हिरवं होतं. पेशींच्या मधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते, ती प्रकाश इकडेतिकडे विखुरते आणि रंग किंचित धुरकट दिसतो. आच लागली की ती हवा बाहेर पडते, पोकळ्यांत पाणी शिरतं आणि आतला हिरवा रंग स्वच्छ दिसू लागतो. भाजी उतरवायची वेळ याच्या थोडी पुढे असते. फार पुढे नाही.

कारण त्यानंतर दुसरी गोष्ट सुरू होते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. ही रचना उलगडण्याच्या कामासाठी रिखार्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९१५ चं नोबेल मिळालं. पानाच्या पेशींमध्ये आम्लंही असतात, पण जिवंत पेशीत ती वेगळ्या कप्प्यात बंद असतात. उष्णतेने कप्पे फुटतात, आम्ल हरितद्रव्यापर्यंत पोहोचतं, मॅग्नेशियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी हायड्रोजन येतो. रंग शेवाळी-तपकिरी होतो. याला पाच-सात मिनिटं पुरतात.

हे एकदा समजलं की स्वयंपाकघरातले अनेक नियम पाठ करावे लागत नाहीत. पालेभाजीवर झाकण ठेवू नये असं का म्हणतात? यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात. झाकण असलं की ती झाकणाला लागून थेंबांबरोबर परत भाजीत पडतात. लिंबू किंवा कोणतंही आंबट शेवटी, आच बंद केल्यावर का? तेच कारण. टोमॅटोत शिजवलेला पालक काळपट का होतो? तेच. अर्थात काळपट पालक बेचव असतो असं नाही. टोमॅटोबरोबर तो छानच लागतो. रंग हा शिजण्याचा अंदाज देणारा खुणेचा दगड आहे, भाजीची परीक्षा नव्हे. हिरवा रंग टिकवायच्या हट्टापायी चिमूटभर सोडा घालणारे लोक मला म्हणूनच समजत नाहीत. सोड्याने आम्ल मरतं आणि रंग झगझगीत राहतो हे खरं. पण पेशींच्या भिंती विरघळून पानांचा लगदा होतो, सी जीवनसत्त्व आणि थायमिन नासतं, आणि जिभेला एक साबणासारखी चव लागते. जुन्या इंग्रजी स्वयंपाकात तर लोणच्याच्या भाज्या हिरव्यागार दिसाव्यात म्हणून तांब्याची नाणी घालून उकळायची रीत होती. मॅग्नेशियमच्या जागी तांबं जाऊन बसतं आणि रंग पक्का होतो. खाणाऱ्याच्या पोटातही तांबं जातं, ते वेगळंच.

झाकणाबद्दल मात्र मी थोडा सैल आहे. पानांचा ढीग कढईत मावत नसेल तर अर्धा मिनिट झाकण ठेवून पहिली वाफ येऊ द्यावी आणि मग काढून टाकावं. ढीग बसतो, परतायला जागा होते. दुसरा मार्ग म्हणजे पानं दोन-तीन वेळा मिळून घालायची, आधीची बसली की पुढची मूठ. पाणी अजिबात घालायचं नाही. धुतलेल्या पानांना चिकटलेलं पाणी पुरतं, आणि मग पान स्वतःचं सोडतं ते वेगळं. मीठही शेवटीच. पान बसायच्या आधी, भरलेल्या कढईकडे बघून मीठ घातलं तर ते हमखास जास्त पडतं, कारण त्या डोंगराची शेवटी वाटीभरच भाजी होणार असते. शिवाय मीठ पाणी ओढून काढतं आणि परतायच्या ऐवजी भाजी आपल्याच पाण्यात उकडू लागते.

मग राहतं काय? तेल, ठेचलेला लसूण, हवी तर एखादी मिरची, पानं, मीठ, लिंबाचे चार थेंब. लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला तर बरं, कारण त्याचा तिखट उग्रपणा ठेचल्यानंतर, त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागल्यावर तयार होतो, आणि आचेवर गेल्यावर ते विकर निकामी होतं. तेल मध्यम तापलेलं असावं. लसूण कडेने सोनेरी दिसायला लागला की लगेच पानं टाकायची. पानांचं पाणी तेलाला थंड करतं आणि लसूण करपायचा थांबतो. करपलेल्या लसणाचा कडवटपणा कशानेही झाकला जात नाही.

पानांचा स्वतःचा कडवटपणा मात्र झाकता येतो, आणि त्यासाठी साखर लागत नाही. १९९७ मध्ये पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाम्प या चवीच्या अभ्यासकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की मीठ कडू चव दाबतं, आणि कडू दबल्यामुळे मागे लपलेली गोडसर चव पुढे येते. मेथी, मोहरीची पानं, केल (कोबीच्या कुळातली एक पालेभाजी) यांना मीठ व्यवस्थित लागतं ते यामुळेच. 'हेल्दी' म्हणून अळणी केलेली मेथी कडू लागते आणि मग ती कुणी खात नाही. ताटात उरलेल्या जीवनसत्त्वांचा कुणाला उपयोग?

तेलाचंही तसंच. तेल कमी असावं हे ठीक, पण शून्य असावं हे पटत नाही. पानांतलं बीटा-कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतात. बरोबर थोडी चरबी नसेल तर ती आतड्यातून नीट शोषली जात नाहीत. शिजवल्याने पेशींच्या भिंती सैल होतात आणि कॅरोटिन जास्त मोकळं होतं, म्हणून चमचाभर तेलात परतलेला पालक या बाबतीत कच्च्या पालकाच्या पुढे जातो. सी जीवनसत्त्वाच्या बाबतीत कच्चा पुढे. दोन्ही खावं, वाद घालू नये.

उकडावं की परतावं, हा वाद मात्र खरा आहे, आणि त्याचं एकच उत्तर नाही. उकळत्या पाण्यात पानं घालून पाणी ओतून दिलं की फोलेट आणि सी जीवनसत्त्वाचा बराच भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. या हिशेबाने परतणं किंवा वाफवणं चांगलं. पण पालक, माठ, बीटचा पाला यांत ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारं एक आम्लाचं रूप, भरपूर असतं. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खडबडीत थर बसल्यासारखा वाटतो तो त्याचाच. बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि ज्यांना असा खडा होऊन गेलाय त्यांच्यासाठी पानं भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देणं हाच शहाणपणा, कारण विरघळणारं ऑक्झलेट पाण्यात उतरतं. बाकीच्यांनी त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. पालकावर दही किंवा पनीर घातलं तर त्यातलं कॅल्शियम काही ऑक्झलेट आतड्यातच बांधून टाकतं. अळूचं प्रकरण जरा निराळं आहे. तिथे ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे. अळू नीट शिजवायलाच लागतो आणि त्याला आंबटही लागतं. चार मिनिटांचा नियम तिथे लावू नये.

ऑक्झलेटमुळे पालकाच्या कॅल्शियमची गोष्टही फसवी होते. तक्त्यात आकडा चांगला दिसतो, पण रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर या अमेरिकन संशोधकांनी १९८८ मध्ये मोजलं तेव्हा पालकातलं जेमतेम ५ टक्के कॅल्शियम शरीरात शोषलं गेलेलं आढळलं. दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी त्यांनीच केलच्या पानांवर प्रयोग केला, तर तिथे आकडा ४० टक्क्यांवर गेला. केलमध्ये ऑक्झलेट अगदी कमी. म्हणजे 'हिरवी पानं' हा एक गट नाही. रोज पालकच खाणाऱ्याने आठवड्यातून दोनदा मेथी, मोहरी, कोबी, केल असं काहीतरी आलटूनपालटून आणावं.

लोहाची कथा तर आणखीच मजेदार. पालक खाऊन दंड फुगवणारा कार्टूनमधला खलाशी पॉपाय आणि त्याच्यामागची दशांशचिन्हाची चूक, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं: कुण्या जर्मन शास्त्रज्ञाने एक टिंब चुकीच्या जागी दिलं आणि पालकातलं लोह दहापट झालं. १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखामुळे ही कथा जगभर गेली. माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने २०१० मध्ये तिचा माग काढला, तर त्या टिंबाचा पुरावाच सापडला नाही. शिवाय मूळ चित्रपट्टीत त्या खलाशाने पालकाचं कारण दिलं होतं ते अ जीवनसत्त्वाचं, लोहाचं नव्हे. चूक सुधारणारी कथाच चुकीची निघाली. पालकात १०० ग्रॅमला २.७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, म्हणजे पालेभाज्यांमध्ये वाईट नाही. पण वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं. ते वाढवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सी जीवनसत्त्व, म्हणजेच वर सांगितलेले लिंबाचे चार थेंब. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट होतं. चहा तासाभराने घ्यावा.

पानांचं खरं देणं विचाराल तर मी फोलेटचं नाव घेईन. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधला रक्तक्षय तिचा विषय होता. तो आहारातल्या कशाच्या तरी कमतरतेने होतो आणि यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तिने दाखवून दिलं. ते 'काहीतरी' काय हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालक गाळून एक आम्ल वेगळं काढलं, आणि विल्सचा तो अनोळखी घटक म्हणजे हेच फोलिक आम्ल असल्याचं पुढे कळलं. मला यात त्या चार टनांचं फार अप्रूप वाटतं. कुणीतरी तो पालक धुतला असेल का, आणि किती पाण्यांत?

एक इशारा द्यायलाच हवा. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नये, एकदम बंदही करू नये. पानांतलं के जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, आणि गोळीचा डोस तुमच्या नेहमीच्या खाण्याला धरून बसवलेला असतो. प्रमाण बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खायला सांगते. त्यातला पानांचा वाटा कच्च्या ढिगाकडे बघून मोठा वाटतो, आणि शिजल्यावर तो चार-पाच घासांत संपतो. पालेभाजीचा हा गुण मला फार आवडतो. कोशिंबीर म्हणून एवढी पानं चावत बसलो तर जबडा दुखेल.

उरलेल्या भाजीबद्दल लोक फार घाबरवतात, पुन्हा गरम केली की विष होते वगैरे. पानांत नायट्रेट असतं, आणि भाजी तासन्‌तास बाहेर उबेत राहिली तर जंतू त्याचं नायट्राइट करू शकतात, एवढं त्यात खरं आहे. तान्ह्या बाळांच्या बाबतीत ही काळजी रास्त आहे. मोठ्यांनी भाजी निवल्याबरोबर झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. गरम केल्याने तिचा रंग उतरतो आणि लसणाचा वास शिळा लागतो, म्हणून मी ती गरमच करत नाही. फ्रिजमधून काढून वर ताजं लिंबू पिळतो आणि तशीच खातो. घरात बाकी कुणाला हे पटलेलं नाही. त्यांची वाटी गरम करून द्यावी लागते.